नाव काय चाटायचंय?

"चालतंय ना? मग झालं की! नाव काय चाटायचंय?"

सांगलीची गणपती पेठ असो की साताऱ्याचा पोवई नाका, जुनी वस्तू घेऊन दुरुस्तीच्या दुकानात उभे राहा. हे वाक्य कानावर आल्याशिवाय राहत नाही. कधी ते कारागीर बोलतो, कधी गिऱ्हाईक, आणि बहुतेक वेळा दोघे मिळून. माझ्या रागाचं निमित्त मात्र एक लहानशी वस्तू आहे: सत्तर-ऐंशीच्या दशकातला खिशात मावणारा कॅल्क्युलेटर, आणि त्याच्या माथ्यावरची, बनवणाऱ्याचं नाव असलेली अॅल्युमिनियमची चिमुकली पट्टी. दुकानात तिला 'मोनोग्राम' म्हणतात. चाळीस-पन्नास वर्षांत पट्टीमागचा गोंद मरतो, एक कोपरा उचलला जातो, फोनवर बोलता बोलता कुणीतरी तो नखाने कोरत बसतं आणि एक दिवस पट्टी हातात येते. ती परत नीट बसवून घ्यावी, असं म्हणणारा आपल्याकडे चक्रम ठरतो.

विरुद्ध बाजू आधी पुरती मांडू, म्हणजे कुणी म्हणायला नको की सोयीचं तेवढंच उचललं. त्यांचं म्हणणं असं. कॅल्क्युलेटर आकडेमोडीसाठी असतो. बेरीज बरोबर येते तोवर त्याच्या कपाळावर काय लिहिलंय याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. नाव लावलं कंपनीने, स्वतःच्या जाहिरातीसाठी. ते आपण जपायचं म्हणजे फुकटची पाटी डोक्यावर घेऊन हिंडायचं. अगदीच जीव तुटत असेल तर फेविक्विकचा एक थेंब टाका, विषय संपला. मुळात मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असताना ही डबडी ठेवायचीच कशाला? जुनं जपायची एवढी हौस असेल तर साताऱ्यात किल्ले आहेत, वाडे आहेत, मोडीचे रुमाल आहेत, तिकडे जा. आणि या सगळ्यांच्या पलीकडे एक सोवळा पंथ आहे, संग्राहकांचा. ते म्हणतात, सुटलेली पट्टी सुटलेलीच राहू द्या. हात लावला की वस्तूचं अस्सलपण गेलं.

ऐकताना सगळं कसं व्यवहाराला धरून वाटतं. या व्यवहाराचा हिशोब एकदा मांडूनच बघू.

पहिला मुद्दा: काम होतंय, मग नावाला किंमत काय?

२०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. आपण छाती फुगवली, ते योग्यच होतं. पण हळद दुसऱ्या जिल्ह्यातलीही पिवळीच असते. आमटीला रंग तीही देते, हळदीकुंकवाच्या करंड्यात तीही चालते. मग 'सांगली' हे नाव कायद्याने आपल्या पोत्यावर राहावं म्हणून एवढा खटाटोप कशाला? २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला तेच मानांकन मिळालं. दुसऱ्या गावच्या तंबोऱ्यातून षड्ज लागत नाही का? लागतो की! मग मिरजेचं नाव काय चाटायचंय? हा प्रश्न मिरजेत सतारमेकर गल्लीत उभं राहून विचारायची कुणाची छाती आहे?

म्हणजे नावाला किंमत असते, हे आपल्याला पुरतं ठाऊक आहे. आपल्या पोत्यावर, आपल्या तंबोऱ्यावर, आपल्या दुकानाच्या फलकावर नाव असलं की ती अस्मिता. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर असलं की तो फालतूपणा. दुकानाच्या पाटीवरचा एक दिवा गेला तर त्याच संध्याकाळी इलेक्ट्रिशियनला फोन जातो. तेव्हा कुणी म्हणत नाही, "दुकान चालतंय ना?"

आता स्वतःच्याच घरातलं उदाहरण घ्या. १९७५ मध्ये पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना साताऱ्यात, आणि स्कूटरचं नाव 'प्रिया'. ही प्रिया दिसायला बजाजच्या दीडशे सीसी स्कूटरची सख्खी बहीण, कारण तंत्र बजाजचंच होतं. दोघींना शेजारी उभ्या करा आणि अंगावरची नावं काढून टाका. लांबून बघणारा काय म्हणेल? "दोन बजाज उभ्या आहेत." संपला सातारा! साताऱ्याच्या कामगारांनी घडवलेली, इथल्या औद्योगिक वसाहतीतून बाहेर पडलेली गाडी एका पट्टीच्या अभावी साताऱ्याची उरत नाही. जुन्या प्रिया पुन्हा उभ्या करणारी हौशी मंडळी नावाच्या पट्टीसाठी जुना बाजार उगाच पालथा घालत नाहीत. इंजिन बांधून मिळतं, पत्रा ठोकून मिळतो, रंग हवा तो मिळतो. नाव मिळत नाही. महाराष्ट्र स्कूटर्स आज मुख्यत्वे गुंतवणूक कंपनी आहे. म्हणजे स्कूटर हा शब्द तिच्या नावात तेवढा उरला आहे. अशा वेळी रस्त्यावर उरलेल्या एखाद्या गाडीवरची 'प्रिया' ही अक्षरंही कुणी 'टाका की तिकडं' म्हणून भंगारात घातली, तर त्याला व्यवहारी म्हणायचं की करंटा?

दुसरा मुद्दा: नाव म्हणजे कंपनीची जाहिरात, आपण ती का मिरवावी?

हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात विचारला असता तर एक वेळ चाललं असतं. सांगली-साताऱ्यात तो शोभत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभारला. जागा दिली औंधच्या संस्थानाने. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी समजूत असलेल्या शेतकऱ्यांना त्यांनी नांगर विकले. पुढे त्या माळाचं नाव किर्लोस्करवाडी झालं आणि रेल्वे स्टेशननेही तेच घेतलं. आज तिथे उतरणारा प्रवासी कंपनीची जाहिरात करत उतरतो काय? त्याच वाडीतून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं. कारखान्याच्या नावाचं ते पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, त्याच्या जोडीला 'स्त्री' आणि 'मनोहर' आली आणि मराठी घराघरात काय वाचावं, काय बोलावं, याला या मासिकांनी वळण लावलं. नांगरावरचं नाव मराठी वाङ्मयाच्या मुखपृष्ठावर जाऊन बसलं. आणि आम्ही म्हणतो, कंपनीचं नाव, त्यात काय?

कराडजवळचं ओगलेवाडी बघा. ओगले काच कारखान्यामुळे गावाला नाव मिळालं आणि 'प्रभाकर' कंदिलामुळे ते महाराष्ट्रभर गेलं. वीज यायच्या आधी किती स्वयंपाकघरं, किती गोठे, किती अभ्यास त्या कंदिलाने उजळले, त्याची मोजदाद नाही. जुन्या बाजारात आजही कंदील दिसला की जाणता माणूस आधी नाव शोधतो. साताऱ्याच्या धनजीशा कूपरांनी सातारा रोडला कारखाना काढला, शेतीची अवजारं आणि इंजिनं बनवली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. त्या कारखान्याच्या एखाद्या जुन्या यंत्रावरची ओतीव अक्षरं घासून काढली तर खाली उरतं ते किलोच्या भावाचं बीड.

नाव लावताना कंपनीच्या मनात जाहिरात असेल; असायलाच हवी, तिला माल विकायचा होता. पण वस्तू विकली गेली, पन्नास वर्षं वापरली गेली, कंपनी बुडाली किंवा दुसऱ्याने गिळली, की ते नाव जाहिरात राहत नाही. विकायला मालच नाही तर जाहिरात कशाची? उरते ती साक्ष. कुणी बनवलं, कुठे बनवलं, कुठल्या काळात बनवलं, याची.

तिसरा मुद्दा: खरं महत्त्व आतल्या यंत्राला, वरच्या पट्टीला नाही.

हे बोलणारे बहुधा इंजिनिअर असतात, म्हणून त्यांना त्यांच्याच भाषेत उत्तर देतो. १९७१ मध्ये इंटेलने ४००४ ही चिप बाजारात आणली. व्यापारी तत्त्वावर विकला गेलेला तो पहिला मायक्रोप्रोसेसर. तो तयार झाला बुसिकॉम या जपानी कंपनीच्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरसाठी. तेच यंत्र एनसीआर या अमेरिकी कंपनीच्या नावानेही विकलं गेलं. आत तेच, बाहेर तेच, फरक काय तो नावाचा. नाव काढलं तर सांगा पाहू, समोरचं यंत्र जपानी कंपनीच्या दुकानातून गेलं की अमेरिकी? सत्तरच्या दशकात हा सर्रास धंदा होता. एक कारखाना बनवायचा आणि चार कंपन्या आपापली पट्टी लावून विकायच्या. आतलं यंत्र पाहून हा गुंता सुटत नाही. त्याची पहिली किल्ली पट्टीच.

१९७२ चा एचपी-३५ घ्या. शर्टाच्या खिशात मावणारा, साइन-कॉस आणि लॉग काढणारा पहिला कॅल्क्युलेटर; किंमत ३९५ डॉलर. इंजिनिअरांच्या हातातली स्लाइड रूल त्याने हद्दपार केली. सुरुवातीच्या यंत्रांत एक चूक होती: २.०२ चा लॉग काढून तो परत उलटवला की उत्तर २.०२ ऐवजी नुसतं २ यायचं. आता यंत्र सुरुवातीचं की नंतरचं, हे ओळखायच्या खुणांपैकी एक कुठे आहे? समोरच्या पट्टीवर. आधीच्या यंत्रांवर नुसतं कंपनीचं नाव. '३५' हा आकडा नंतरच्या पट्ट्यांवर आला. मागच्या लेबलवरच्या क्रमांकात पहिले दोन आकडे वर्षाचे, १९६० पासून मोजायचे, आणि पुढचे दोन आठवड्याचे. म्हणजे लेबल शाबूत असेल तर यंत्र कुठल्या वर्षी, कुठल्या आठवड्यात बनलं ते सांगता येतं. आणि आपले कारागीर काय करतात? त्या लेबलखाली स्क्रू असतात म्हणून ते पात्याने खरवडून काढतात आणि केराच्या डब्यात टाकतात. यंत्र दुरुस्त होतं, जन्मतारीख जाते.

हे सगळं परदेशातलं, आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. बरं, मग आपल्याकडचं बघा. दिल्ली क्लॉथ मिल्सने सत्तरच्या दशकात इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर काढले. त्या विभागातले शिव नाडर आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले. त्यांनी मायक्रोकॉम्प काढून सुरुवातीला कॅल्क्युलेटरच विकले आणि १९७६ मध्ये एचसीएल उभी केली. आज जिच्या नोकरीसाठी आपली मुलं पुण्या-नोएडाला धावतात, त्या कंपनीचं मूळ एका हिशोबाच्या डबीत आहे. एखाद्या आडत दुकानाच्या माळ्यावर तेव्हाचा देशी कॅल्क्युलेटर पडला असेल आणि त्याच्यावरची पट्टी कुणी 'निघालीच होती' म्हणून फेकली असेल, तर भारतीय इलेक्ट्रॉनिक्सच्या इतिहासाचा एक पुरावा बेवारस झाला. पट्टीविना त्या यंत्राला कुणीही 'कुठलातरी चायना' म्हणणार.

चायनावरून आठवलं. बाजारात 'सिटिझन' आणि 'कॅसिओ'ची नक्कल किती आहे ते शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. स्पेलिंगमधलं एखादं अक्षर इकडचं तिकडे करायचं आणि फुटपाथवर मांडायचं. नावाला काडीची किंमत नसती तर नक्कल करणाऱ्यांनी ते का चोरलं असतं? चोराला जे कळतं ते मालकाला कळू नये, याचं नवल वाटतं.

'त्यापेक्षा मोडी कागद जपा' असं म्हणणाऱ्यांनाही इथेच उत्तर देतो. कागदाच्या माथ्यावरचा शिक्का आणि शेवटचं मोर्तब नसेल तर इतिहाससंशोधक त्या कागदावर विश्वास ठेवतो का? अस्सल की नक्कल, या वादाची सुरुवातच तिथून होते. शिक्क्याला जी इज्जत, तीच मोनोग्रामला का नाही? आणि वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तो वाईत सापडलेल्या कागदांच्या जोरावर. जुन्या वाड्यांत असले कागद पिढ्यान्‌पिढ्या अडगळ म्हणूनच पडून होते. मोडी जपा असं आज सांगणाऱ्यांचे पणजोबा काय म्हणत असतील? "जुनी रद्दी, बंब पेटवायला बरी." कुठली अडगळ उद्याचा पुरावा ठरेल, हे अडगळीच्या मालकाला कधीच कळलेलं नाही.

चौथा मुद्दा: फेविक्विकचा एक थेंब.

सगळ्यात जास्त नुकसान या एका थेंबाने केलं आहे, म्हणून इथे जरा थांबतो. मार्केट यार्डातले एक हळदीचे व्यापारी आपल्या वडिलांचा हिरव्या आकड्यांचा कॅल्क्युलेटर एका दुकानात घेऊन आले होते. बटणांच्या फटीत जुनी हळद जाम बसलेली. सेल गळून आतल्या पत्र्यांवर गंज चढला होता. कारागिराने तो गंज इतक्या निगुतीने काढला, नवीन वायर इतकी बारीक डाग देऊन बसवली की बघत राहावं. आकडे उजळले. मग त्याने बाजूला पडलेली नावाची पट्टी उचलली, मागचा वाळका गोंद तसाच ठेवला, फेविक्विकचे दोन थेंब टाकले आणि अंगठ्याने दाबून धरली. पट्टी एका बाजूला तिरकी बसली, कडेने रस बाहेर आला आणि आकड्यांच्या काचेपर्यंत गेला. "बसली की, काका!" काकाही खूश. काही वेळातच पट्टीभोवतीच्या काळ्या प्लॅस्टिकवर पांढुरकी झाक उमटायला लागली. तासभर गंज काढायला घालवणाऱ्या हातांना नावासाठी पाच मिनिटं सापडली नाहीत. कौशल्याची कमतरता नव्हतीच. कमतरता होती ती 'हेही काम आहे' या जाणिवेची.

ती पांढरी झाक म्हणजे काय? फेविक्विक हे सायनोॲक्रिलेट. १९४२ मध्ये ईस्टमन कोडॅकच्या हॅरी कूव्हर यांच्या हाती लागलं आणि १९५८ मध्ये बाजारात आलं. ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. होताना त्याची वाफ सुटते आणि जवळच्या पृष्ठभागावर पांढरी बसते. गुन्ह्याच्या तपासात बोटांचे अदृश्य ठसे उठवायला हीच वाफ वापरतात. म्हणजे तुमच्या वडिलांच्या कॅल्क्युलेटरवर थेंब टाकणारा माणूस गुन्ह्याच्या जागी स्वतःचे ठसे उमटवून जातो! पुन्हा हा जोड कडक आणि ठिसूळ. अॅल्युमिनियम आणि प्लॅस्टिक उन्हाने सारखे प्रसरण पावत नाहीत. तेवढ्याच उष्णतेत प्लॅस्टिक तिप्पट-चौपट पसरतं. सांगलीचा एप्रिल-मे, पत्र्याखालचं दुकान आणि गल्ल्याशेजारचा ड्रॉवर. दोन उन्हाळ्यांत जोड तडकतो आणि पट्टी पुन्हा सुटते, या वेळी खालच्या प्लॅस्टिकचा पापुद्रा घेऊन. तिरकी बसलेली सरळ करायची तर अॅसिटोन लागतं, आणि अॅसिटोन प्लॅस्टिकच विरघळवतं. एका थेंबात विषय संपतो म्हणतात ते अक्षरशः खरं आहे.

मग नीट बसवायला काय लागतं? सोनाराची पेढी लागत नाही. पट्टी अर्धवट चिकटलेली असेल तर ओढायची नाही; एकदा घडी पडली की अॅल्युमिनियम ती विसरत नाही. केस वाळवायच्या ड्रायरने हलकी ऊब द्यायची आणि खालून दोरा करवतीसारखा फिरवायचा. जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढायचा, जे मोबाइल दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानात 'आयपीए' म्हणून असतं. कापूस ओला करून, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून बघून. थिनर नाही, पेट्रोल नाही, नखांचं रिमूव्हर नाही. खरवडायला बांबूची काडी, ब्लेड नाही. पट्टी काचेवर ठेवून सपाट करायची. मग मोबाइलचे डिस्प्ले बसवायला वापरतात तो पातळ डबल टेप पट्टीहून केसभर लहान कापून लावायचा, किंवा बी-७००० या नावाने मिळणाऱ्या लवचीक गोंदाचा अगदी पातळ हात द्यायचा. कोरडीच ठेवून आधी जागा बघायची, मग बसवायची, आणि रात्रभर वर पुस्तक ठेवायचं. वाटल्यास पुढे ऊब देऊन हे पुन्हा काढता येतं. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि खर्च एका वड्याच्या प्लेटहून फार नाही. हे महागडे चोचले आहेत म्हणणाऱ्यांनी कधी टेप विकत घेतलेला नसावा.

पाचवा मुद्दा सोवळ्यांचा: हात लावला की अस्सलपण गेलं.

यांच्याविषयी मला थोडा आदर आहे, कारण निदान यांना वस्तूची पर्वा आहे. पण यांचा सल्ला घातक आहे. सुटी पट्टी सुटी राहत नाही, ती हरवते. घर बदलताना, दिवाळीच्या सफाईत, पोरांच्या खेळात. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि सांगलीच्या पेठांत पाणी शिरलं, तेव्हा चिखलातून यंत्रं धुऊन काढता आली. सुट्या पट्ट्या कुणी चाळणीने शोधल्या नाहीत. कारखान्यातून यंत्र बाहेर पडलं ते पट्टीसकट. मग पट्टीशिवायचं यंत्र अस्सल कसं? औंधच्या टेकडीवरचं श्रीभवानी संग्रहालय आठवा. किर्लोस्करांना जागा देणाऱ्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीच ते उभं केलं. तिथल्या चित्रांखालच्या पाट्या गळून पडल्या तर 'पडल्या तशाच राहू द्या, हेच अस्सल' असं कुणी म्हणेल? जतनाचं शास्त्र हात लावू नका असं सांगत नाही. ते सांगतं, असं करा की पुढच्याला उलटवता येईल. टेप उलटवता येतो, फेविक्विक येत नाही. अस्सलपणाचा प्रश्न एवढ्यात मिटतो.

राहता राहिला मोबाइल. मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे हे खरंच आहे. मोबाइलमध्ये घड्याळही आहे, कॅमेराही आहे आणि रेडिओही. म्हणून आजोबांचं एचएमटी कुणी भंगारात दिलं का? वस्तू वापरातून जाणं वेगळं आणि तिची ओळख पुसणं वेगळं. ज्याला ठेवायचं नाही त्याने खुशाल विकावं, द्यावं. ठेवायचं म्हणून कपाटात ठेवायचं, 'वडिलांची आठवण' म्हणून पाहुण्यांना दाखवायचं आणि त्याच्या माथ्यावर गोंदाचा काळा चौकोन मिरवायचा, यात आठवणीचा कसला मान आहे? वडिलांनी तो घेतला तेव्हा नाव बघून, चार दुकानं फिरून, पगारातले पैसे मोजून घेतला होता. त्यांची निवड त्या पट्टीवर लिहिलेली होती.

या सगळ्या मतांच्या तळाशी एकच वृत्ती आहे: जे दिसतं आणि आज उपयोगी पडतं तेवढंच मोजायचं, आणि कुणी केलं ते विसरायचं. ज्या दोन जिल्ह्यांतल्या वाड्यांना कारखान्यांची नावं आहेत, जिथल्या माणसांनी नांगर, कंदील, इंजिनं आणि स्कूटरी देशाला दिल्या, त्या जिल्ह्यांत ही वृत्ती असणं हा शुद्ध कृतघ्नपणा आहे. बनवणाऱ्याचं नाव वस्तूचा भाग आहे. जितका स्क्रीन, जितकी बटणं, तितकाच. स्क्रीन फुटला तर आपण दुरुस्ती म्हणतो. नाव सुटलं तर तीही दुरुस्तीच आहे आणि ती केल्याशिवाय काम पुरं झालेलं नाही.

तेव्हा घरात असा कॅल्क्युलेटर असेल आणि पट्टी सुटली असेल, तर ती आजच एका छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीवर यंत्राचं मॉडेल लिहा आणि यंत्रासोबत ठेवा. सेलच्या कप्प्यात मात्र नको, पिशवी फाटली तर अॅल्युमिनियमने शॉर्ट होईल. दुकानात देताना पट्टी मोजून द्या, मोजून परत घ्या. फेविक्विक लावायचं नाही, हे पावतीवर लिहून घ्या. आणि कारागीर हसून "नावाचं काय एवढं?" म्हणाला, तर दुकान बदला.